ओढेल, पण थांबवेल का?

दसरा सरला की कराड–विटा रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या शेडमधून रात्री उशिरापर्यंत ठिणग्या उडत असतात. वांगीच्या सोनहिरा कारखान्याचं गळीत तोंडावर आलेलं असतं आणि ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याला ट्रॉली हवी असते. यंदा माझ्या मामेभावाला घ्यायची होती, म्हणून त्याच्याबरोबर कडेगावच्या आसपासच्या शेड पालथ्या घातल्या.

ताकारी आणि टेंभूचं पाणी आलं तसा या तालुक्यात ऊस डोंगरकडेच्या रानांपर्यंत पोचला. बांध अरुंद, पाणंद चिंचोळी, वळायला जागा नाही. मोठा ट्रॅक्टर आणि त्यामागं दोन चारचाकी ट्रॉल्या असा लवाजमा तिथं शिरत नाही. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा धुरा स्वतंत्र फिरतो, त्यामुळं ती मागं घेताना मुरलेला ड्रायव्हरही घामाघूम होतो. म्हणून अशा रानांत छोटा ट्रॅक्टर आणि मागं दोनचाकी गाडी चालते. आमच्याकडं तिला ‘अंगद’ म्हणतात. बैलांची टायरगाडी होती, तिच्याच जागी ही आली.

भावाचा ट्रॅक्टर 28 एचपीचा, वजनाला टनाच्या आत. त्यामुळं ट्रॉली हलकी हवी हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. हिशेब सरळ आहे. नोंदणीनुसार भरलेल्या ट्रॉलीचं एकूण वजन समजा 5 टन धरलं आणि रिकामी ट्रॉली 1200 किलोची असली, तर ऊस बसतो 3.8 टन. तीच 1000 किलोची असली तर 4 टन. वाहतुकीचे पैसे मिळतात ते उसाच्या टनावर, लोखंडाच्या नाही. आणि कारखान्यावर गाडी रिकामी करून परत फडात आणायची, म्हणजे ते जादा 200 किलो प्रत्येक खेपेला दोन्ही वाटा डिझेल खातात.

पण वजन कुठून कमी केलंय, हे पाहायला मी या निमित्तानं शिकलो. एका शेडमध्ये दोन ट्रॉल्या शेजारीशेजारी उभ्या होत्या, वजनाला जवळपास सारख्या. पहिलीचे बाजूचे पत्र्याचे फाळके काढून तिथं नुसते उभे खांब दिले होते. उसाला पत्र्याच्या भिंती लागत नाहीत, मोळ्या खांबांत अडकतात, वरून दोरखंड आवळला की झालं. शेणखत किंवा वाळू वाहायची असेल तर ही गाडी उपयोगाची नाही, पण निव्वळ उसाला उत्तम. दुसरीला फाळके जाड होते आणि खालचं चॅनेल मात्र बारीक. धुऱ्याजवळ पाट्यांची एक पट्टी कमी, ट्रॅक्टरला जोडायची दांडी हलकी, हुकाजवळची वेल्डिंग खडबडीत. नजरेला भक्कम तीच वाटत होती. चॅनेल, धुरा, पाटे, दांडी आणि हूक यांतून वाचवलेला एकही किलो मला मान्य नाही. हलकेपणा वरच्या हौद्यात शोधावा.

दुसरी गोष्ट, चाकं नेमकी कुठं बसवलीत. दोनचाकी ट्रॉलीच्या भाराचा थोडा वाटा हुकावाटे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो आणि त्यानंच छोट्या ट्रॅक्टरला पकड मिळते. एचपी कितीही असो, चाक जागेवर फिरायला लागलं की ती ताकद मातीत जाते. हा वाटा साधारण दहावा हिस्सा असावा. फार झाला तर ट्रॅक्टरचं नाक उचललं जातं आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. मोळ्या मागं जास्त पडल्या तर गाडी उलाळ होते आणि चढाला चाकं घसरतात. मोजायला सोपं आहे. एकटा ट्रॅक्टर काट्यावर घ्या, मग भरलेली ट्रॉली जोडून, तिची चाकं काट्याबाहेर ठेवून, पुन्हा ट्रॅक्टरचंच वजन करा. जो फरक येईल तो हुकावरचा भार.

त्या शेडमधले म्हातारे मिस्त्री आमचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “पावणं, ट्रॅक्टर ओढंल हो. थांबवंल का, ते बघा की.”

मला यापेक्षा मोलाचं वाक्य कुठल्या माहितीपत्रकात सापडलं नाही. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. सागरेश्वरच्या घाटासारख्या उताराला लागल्यावर दहाला एक असा उतार धरला, तर 5 टनांची ट्रॉली मागून सुमारे 500 किलोचा रेटा देते, आणि पुढं असतो टनभराचाही नसलेला ट्रॅक्टर. रस्ता कोरडा असला तर तो जेमतेम धरतो. पाण्यानं निसरडा झाला असेल, कडेला माती आली असेल, तर ट्रॉली त्याला ढकलत नेते आणि वळणावर आडवी होते. उताराला गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे तर जिवाशीच खेळतात. खालचा गिअर घाटमाथ्यावरच टाकायचा आणि डाव्या-उजव्या ब्रेकचे पायटे खिळीनं एकत्र जोडायचे, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गरकन फिरतो.

ट्रॉली पुढं रेटायला लागली की हुकाच्या दाबानं तिच्या चाकांना आपोआप लागणारा ब्रेक बसवता येतो. भाव करताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच कमी करायला सांगतं. आम्ही तो ठेवला, आणि पैशाची तोंडमिळवणी करायला रंग नि नक्षी सोडली.

आणखी एक गोष्ट मी भावाला आग्रहानं घ्यायला लावली: तळ जमिनीपासून कमी उंचीवर. ऊसतोड मजूर, त्यांत बाया निम्म्या, 30–40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढतात. ट्रॉलीचा तळ वीतभर खाली आला तर प्रत्येक मोळीमागं तेवढी चढण वाचते. शिवाय खाली बसलेली गाडी वळणावर कलंडायला कमी राजी असते. बीडकडून टोळी येते तेव्हा याच ट्रॉल्यांवर त्यांचा संसार असतो. भांडी, कोयते, कोपीचं सामान आणि वर लेकरं. ज्या गाडीवरून पोरं प्रवास करणार, तिला ब्रेक नको म्हणायला जीभ कशी वळते?

शेवटी खांबांची ट्रॉली ठरली. ती ट्रॅक्टरपासून वेगळं वाहन म्हणून आरटीओत नोंदवायची, त्याचे कागद झाले.

तुम्ही यंदा ट्रॉली घेणार असाल तर रिकामी काट्यावर घालून वजन पाहा, हुकाची वेल्डिंग दिवसाउजेडी पाहा, ब्रेक मागून घ्या, आणि मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर पहिल्याच दिवशी लावा. उसाची गाडी रात्रीच जास्त चालते, आणि बाहेर आलेल्या वाढ्यांआड तो झाकला जाणार नाही इतका खाली लावा.