व्हिसामुक्त अल्पकालीन प्रवासाची पात्रता : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
चाकण येथे २००९ साली फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईकडे आला. पिंपरी-चिंचवड परिसरातील पूरक उद्योगांसह या पट्ट्याचा जर्मनी, जपान व दक्षिण कोरिया या देशांशी नित्याचा संबंध आहे. बैठका, प्रशिक्षण व यंत्रजुळणी यांसाठी अभियंत्यांची ये-जा चालते. या उद्योगांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये ‘व्हिसामुक्त प्रवेश म्हणजे विनाअट प्रवेश’ असा गैरसमज आढळतो. प्रस्तुत लेखात या पात्रतेचे तीन निकष स्पष्ट केले आहेत.

१. राष्ट्रीयत्व :
पात्रता प्रवाशाच्या पदावरून वा वेतनावरून नव्हे, तर पासपोर्टवरून ठरते. युरोपीय संघाच्या २०१८ च्या नियमावलीत देशांच्या दोन याद्या आहेत. जपान व दक्षिण कोरिया व्हिसामुक्त यादीत असून भारत व्हिसा आवश्यक असलेल्या यादीत आहे. त्यामुळे तळेगावातील कोरियन व भारतीय अभियंते जर्मनीतील एकाच बैठकीस निघाले, तरी व्हिसासाठी अर्ज केवळ भारतीयास करावा लागतो. भारतही असाच भेद करतो. नेपाळ व भूतानच्या नागरिकांना भारतात व्हिसा लागत नाही. जपानी व कोरियन नागरिकांना ठरावीक विमानतळांवर आगमनानंतर व्हिसा मिळू शकतो. जर्मन नागरिकास मात्र ई-व्हिसा किंवा नियमित व्हिसा आधीच घ्यावा लागतो.

२. वास्तव्याचे दिवस :
शेंगेन क्षेत्रातील २९ देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. आगमन व प्रस्थान हे दोन्ही दिवस मोजले जातात. १८० दिवसांची गणना कॅलेंडर वर्षानुसार होत नाही. वास्तव्याच्या प्रत्येक दिवशी मागील १८० दिवस तपासले जातात. समजा, एखादा प्रवासी १ मार्च ते २९ एप्रिल असे ६० दिवस आणि १ ते ३० जुलै असे ३० दिवस तेथे राहिला. त्याची मर्यादा ३० जुलैलाच संपते. १ मार्च हा दिवस गणनेबाहेर गेल्यावर, म्हणजे २८ ऑगस्टला, त्याला पुन्हा प्रवेश घेता येईल. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरील शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंदीची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यामुळे मुदतीपेक्षा अधिक झालेला एक दिवसही नोंदीत दिसतो.

३. प्रवासाचा हेतू :
औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने हा निकष सर्वांत महत्त्वाचा आहे. व्हिसामुक्त प्रवाशाकडूनही, तो सशुल्क काम करणार असल्यास, सदस्य राष्ट्राला व्हिसा मागता येतो. बैठकीस बसणे आणि कारखान्यात यंत्र उभारणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एक नव्हेत. हेतूचा हा भेद न ओळखल्यास काय घडते, हे इराणच्या उदाहरणावरून दिसते. त्या देशाने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसामुक्त प्रवेश दिला. नोकरीचे आमिष दाखवून काही भारतीयांना या सवलतीच्या आधारे तेथे नेण्यात आले व खंडणीसाठी त्यांचे अपहरण झाले. अखेर २२ नोव्हेंबर २०२५ पासून ही सवलत स्थगित करण्यात आली.

भारतीयांसाठी नवी तरतूद :
युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी विशेष नियम केले. मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून त्यांचा नियमानुसार वापर केलेल्या व्यक्तीस दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास त्यानंतर सामान्यतः पाच वर्षांचा व्हिसा दिला जातो. या काळात प्रवासाची मोकळीक व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांइतकीच असते. ९० दिवसांची मर्यादा मात्र कायम राहते आणि काम करण्याचा अधिकार मिळत नाही.

निष्कर्ष :
व्हिसामुक्ती केवळ अर्जाची पायरी वगळते. पासपोर्टची वैधता, दिवसांची मर्यादा, खर्चाची तरतूद व हेतू यांची तपासणी सीमेवर होतेच. चांगल्या नोंदीमुळे दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो, तर एका चुकीमुळे पुढील संधी अडते. म्हणून परदेशी कामाचा प्रस्ताव आलेल्या विद्यार्थ्यास ‘व्हिसा लागतो का?’ या प्रश्नाआधी ‘तेथे नेमके कोणते काम करावयाचे आहे?’ हा प्रश्न विचारण्यास शिकविणे आवश्यक ठरते.