विंडोज अर्धवट राहिले? फॉरमॅट मारण्याआधी घरची अमानत वाचवा

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद केले. त्यानंतर आमच्या वणीतही अनेक घरांत जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकण्याचा विचार सुरू झाला. कुठे मुलीच्या कॉलेजसाठी, कुठे अब्बांच्या दुकानाच्या हिशेबासाठी. काही घरांत हे काम मध्येच अडकते. स्क्रीन काळी पडते, नाहीतर न समजणारा संदेश येतो. मग शेजारचे कोणी सहज सांगते, "फॉरमॅट मारून टाका, सगळं ठीक होईल."

वाचक बंधू-भगिनींनो, इथेच थांबायचे. अडकलेले इन्स्टॉलेशन पुन्हा कितीही वेळा करता येते, पण पुसली गेलेली फाईल परत मिळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आधी अमानत

घरच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय असते, याची एकदा यादी करून पाहू. निकाहाचे फोटो, दादाजानच्या आवाजातली तिलावत, शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रे, हजच्या अर्जाच्या प्रती. घरातले कोणी मशिदीचा किंवा मोहल्ल्याच्या कमिटीचा हिशेब पाहत असेल, तर तोही. हा हिशेब तर दुसऱ्यांची अमानत आहे. अमानत हकदाराकडे सुखरूप पोहोचवण्याची आज्ञा कुरआनच्या सूरह निसामध्ये (आयत ५८) आहे.

विंडोज सुरू होत नसेल तरी फाईल बहुधा जागेवरच असतात. उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली पेनड्राईव्हवर घेऊन कॉम्प्युटर तिच्यावर सुरू करता येतो. तिथे इन्स्टॉल न करता फक्त वापरून पाहण्याचा पर्याय निवडावा. जुनी डिस्क उघडते आणि फाईल बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी होतात. एक प्रत घरात ठेवावी, दुसरी नातेवाइकांकडे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र कॉम्प्युटर लगेच बंद करून जाणकाराकडे न्यावा. डिस्कने बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली, तर ती मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधावी. किल्लीशिवाय त्या फाईल उघडत नाहीत.

फॉन्ट घ्यायला लोक हमखास विसरतात. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली मराठी पत्रे तो फॉन्ट नसेल तर निरर्थक इंग्रजी अक्षरांत दिसतात. इनपेजमध्ये केलेल्या उर्दू फाईल उघडायला इनपेजच लागते. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधील फॉन्टही कॉपी करावेत आणि महत्त्वाची पत्रे पीडीएफ करून ठेवावीत.

काम कुठे अडते?

पेनड्राईव्हवरून कॉम्प्युटर सुरूच होत नसेल, तर बहुतेक वेळा पेनड्राईव्हच नीट तयार झालेला नसतो. त्यात नुसत्या फाईल टाकून भागत नाही. किमान ८ जीबीचा पेनड्राईव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने तो तयार करावा. कॉम्प्युटर सुरू करताना डेल आणि लेनोवोमध्ये बहुधा एफ१२, तर एचपीमध्ये एफ९ दाबून पेनड्राईव्ह निवडता येतो.

पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा सुरुवातीचाच पडदा आला, तर घाबरू नये. कॉम्प्युटर परत पेनड्राईव्हवरून सुरू झालेला असतो. या वेळी हार्ड डिस्क निवडली की काम पुढे सरकते.

'हा कॉम्प्युटर विंडोज ११ चालवू शकत नाही' या अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर बायोसमध्ये पाहावे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. काही कॉम्प्युटरमध्ये टीपीएम असते, पण बंद ठेवलेले असते. इंटेलमध्ये ते पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने सापडते.

डिस्क एमबीआर पद्धतीची असल्याचा संदेश आला, तर सगळी पार्टिशन पुसण्याची घाई करू नये. जुने विंडोज १० चालू असेल, तर त्यातल्या एमबीआरटूजीपीटी या साधनाने फाईल न पुसता डिस्क बदलता येते. त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय निवडावे लागते. प्रत काढून ठेवणे मात्र इथेही आवश्यक आहे.

काम दर वेळी मध्येच बंद पडत असेल, तर आमच्या भागात आधी धूळ आणि उष्णता पाहावी. वणी परिसर कोळशाचा आणि चुनखडीचा. आपण ज्याला सीपीयू म्हणतो तो डबा उघडला की पंख्यावर काळा थर दिसतो. कॉम्प्युटर तापला की स्वतःहून बंद होतो. वायर काढून मऊ ब्रशने साफ करावा, उन्हाळ्यात हे काम फजरनंतर थंड वेळी करावे आणि शक्यतो यूपीएस लावावा. तारीख दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा छोटा सेल बदलावा. तो संपला की बायोसमध्ये केलेले बदल टिकत नाहीत.

प्रोसेसरच जुना असेल तर

इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. त्याआधीचा कॉम्प्युटर बिघडलेला नसतो, फक्त यादीत बसत नाही. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे. दुसरा मार्ग लिनक्सचा. उबुंटू किंवा लिनक्स मिंट विनामूल्य मिळते आणि त्यात मराठी व उर्दू दोन्ही टाईप करता येते. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेनेही बॉस नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. केरळच्या सरकारी शाळांतील मुले अशाच मुक्त प्रणालीवर शिकतात.

क्रॅक नको

अडचणीत सापडलेल्याला कोणीतरी 'क्रॅक' केलेले विंडोज देऊ करतो. अशा प्रतीतून व्हायरस येण्याचा धोका असतोच, शिवाय हा हलाल-हरामचाही प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखन आणि शोध यांवरील हक्क शरीयतमध्ये मान्य असल्याचे आणि त्यांचे उल्लंघन करता येत नसल्याचे ठरवले. लिनक्ससारखा मोफत आणि हलाल मार्ग उपलब्ध असताना मुलांसमोर चोरीची प्रत वापरायची कशाला?

कॉम्प्युटर दुकानात द्यावा लागला, तर दोन गोष्टी लिहून द्याव्यात: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, आणि जुनी डिस्क बदलली तर ती परत द्यावी. डिस्कवर घरातल्या स्त्रियांचे फोटो असतात, त्यामुळे पडद्याच्या दृष्टीनेही ही काळजी घ्यावी. एवढे सांभाळले, तर इन्शाअल्लाह विंडोज आज ना उद्या सुरू होईल आणि घरच्या आठवणीही शाबूत राहतील.