टॉवर फुल्ल, तरी नेट अडलेलं

लखनौच्या दक्षिणेला रायबरेली रस्त्यावरचं तेलीबाग असो की आपली डोंबिवली, दाट वस्तीत वायफायचं दुखणं एकच असतं. मोबाइलवर टॉवर फुल्ल दिसतो आणि व्हिडिओवरचं चक्र काही थांबत नाही. त्यावरचा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे वायफाय देणारी पेटी, अर्थात अ‍ॅक्सेस पॉइंट बंद करून पुन्हा चालू करणं. कधी कधी गुण येतोही, पण दुखण्याचा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो. त्या छोट्या पेटीत वायरच्या आणि बिनतारी अशा दोन्ही बाजूंची मोजदाद अखंड चालू असते: किती पॅकेट आली, किती गेली, किती खराब निघाली, किती टाकून द्यावी लागली, किती पुन्हा पाठवावी लागली. वीज तोडली की बहुतेक यंत्रांत हे सगळे आकडे शून्यावर येतात. म्हणून बटणाला हात लावण्याआधी ते वाचावेत, आणि दोन्ही बाजूंचे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, असं माझं ठाम मत आहे. एकाच बाजूचे आकडे पाहिले की दोष भलत्याच्याच माथी बसतो.

वायरची बाजू त्यातल्या त्यात सरळ आहे. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिट इथरनेटचं मानक सांगतं, की एक हजार कोटी बिट्समागे एकापेक्षा जास्त बिट चुकू नये. पूर्ण लांबीची एक फ्रेम (वेष्टणात बांधलेलं पॅकेट) सुमारे 12 हजार बिट्सची, म्हणजे आठ लाख फ्रेममागे एखादी बिघडली तर ते क्षम्य. वायरच्या पोर्टवर सीआरसी त्रुटींचा, म्हणजे बिघडून आलेल्या फ्रेमचा, आकडा मिनिटागणिक चढत असेल, तर केबल, कनेक्टर किंवा पोर्ट यांतलं काहीतरी बहुधा बिघडलंय असं समजावं. पण त्रुटी शून्य असल्या म्हणून सगळं ठीक आहे, असंही नाही. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, 100 मेगाबिटला दोनच पुरतात. आरजे-45 कनेक्टर दाबताना उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार नीट बसली नाही, तर अनेक उपकरणं काही न बोलता 100 मेगाबिटवर उतरतात. त्रुटी एकही नाही, आणि 300 मेगाबिटचा प्लॅन घेतलेल्या घरात वेग 94 च्या आसपास अडून बसतो. हे 94 लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण 100 मधून प्रत्येक फ्रेमभोवतीचं वेष्टण वजा केलं की साधारण तेवढेच उरतात. म्हणून त्रुटींच्या आधी पोर्टचा ठरलेला वेग पाहावा.

हवेतला हिशेब मात्र निराळा. वायफायमध्ये एका उपकरणाने दुसऱ्याला पाठवलेल्या फ्रेमची पोच यावी लागते. ती आली नाही की पाठवणारा तीच फ्रेम पुन्हा पाठवतो. दहातली एखादी फ्रेम दुसऱ्यांदा जाणं वस्तीत रोजचंच आहे. तारेवर जे प्रमाण भयंकर ठरेल, ते हवेत नेहमीचं. खरी अडचण जागेची आहे. 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनेलचे आकडे 1 ते 13 असले, तरी ते एकमेकांपासून 5 मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे 20. त्यामुळे व्यवहारात एकमेकांवर न चढणारे तीनच धरले जातात: 1, 6 आणि 11. शिवाय प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट सेकंदाला सुमारे दहा वेळा आपलं नाव पुकारतो. जुन्या उपकरणांनाही ऐकू जावं म्हणून ही पुकार सर्वांत मंद वेगाने, 1 मेगाबिटने गेली, तर 250 बाइटची एक पुकार दोन मिलिसेकंद खाते. समजा, एकाच चॅनेलवर शेजारपाजारचे वीस अ‍ॅक्सेस पॉइंट ऐकू येताहेत. मग सेकंदातले चारशे मिलिसेकंद नुसत्या नावं पुकारण्यातच गेले. मोबाइलवरच्या दांड्यांना यातलं काहीच कळत नाही. आपल्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा आवाज किती मोठा, तेवढंच त्या दाखवतात. बोलायला वेळ किती उरला, ते ‘चॅनेल किती व्यग्र’ या आकड्यातच दिसतं.

मोजल्यावर समजुती कशा गळून पडतात, याचा उत्तम दाखला लखनौच्याच परिसरात घडला. आयआयटी कानपूरने कानपूर-लखनौ पट्ट्यात ‘डिजिटल गॅंजेटिक प्लेन्स’ या प्रकल्पाखाली उंच मनोऱ्यांवरून कित्येक किलोमीटर लांबीचे वायफाय दुवे उभारले होते. कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रामन आणि सायनदीप सेन यांनी अशा दुव्यांवरच्या पॅकेटच्या नोंदी बारकाईने तपासल्या आणि 2006 मध्ये मोबिकॉम परिषदेत निष्कर्ष मांडले. सिग्नल पुरेसा असेल तर दुवा भरवशाचा असतो, हवामानाचा लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही, आणि पॅकेट हरवण्यामागे इतर वायफायचा अडथळा हे मोठं कारण असतं, असं त्यांना दिसलं. पाऊस-धुक्याला दोष देणं किती सोपं होतं!

आता आक्षेप. पेटीतले हे आकडे फसवतात, असं जाणकारच म्हणतात, आणि ते खरं आहे. नेटवर्कवर देखरेख करण्यासाठीच्या 1991 च्या एमआयबी-2 मानकातला बाइट मोजणारा आकडा 32 बिटांचा. तो 429 कोटींच्या थोडा पुढे गेला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. 100 मेगाबिटची वाहिनी भरून वाहत असेल तर सहा मिनिटांच्या आतच ही फेरी पूर्ण होते, गिगाबिटला चौतीस सेकंद पुरतात. दर दहा मिनिटांनी नोंद घेणाऱ्याला मधली फेरी दिसणारच नाही. त्यावरचा उपाय 64 बिटांचे आकडे, आणि तेही एकटे न वाचता ठरावीक अंतराने घेतलेल्या दोन वाचनांतला फरक पाहणं. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. पोर्टचे आकडे पॅकेट मोजतात, आतला मजकूर उघडत नाहीत. पण जोडलेल्या फोनांची यादी ही वेगळी गोष्ट आहे. कोण केव्हा आलं-गेलं ते तिच्यावरून कळतं, त्यामुळे ती बेरजेच्या आकड्यांपासून वेगळी ठेवावी आणि लवकर पुसावी. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

हे काम तंत्रज्ञाचं, ग्राहकाने यात कशाला पडायचं, असंही म्हटलं जातं. पण डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत चहावाला किंवा किराणा दुकानदारही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. नेट अडलं की गिऱ्हाईक त्याच्यासमोरच उभं राहणार. पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन वाचनांत वायर स्वच्छ, पण हवेत पुन्हा पाठवलेल्या फ्रेमची गर्दी दिसली, तर कंपनी बदलून काही होणार नाही. चॅनेल बदलावा, किंवा भारताने 2018 मध्ये अधिक खुल्या केलेल्या 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यात जावं. उलट हवा मोकळी आणि वायरच्या पोर्टवर त्रुटी चढत्या असतील, तर केबल बदलावी. दोन्ही बाजू स्वच्छ असूनही वेग नसेल, तरच तक्रारीचा फोन लावावा, आणि ते आकडे समोर ठेवूनच बोलावं.