कर नाही त्याला डर कशाला?

खासगीपणाचा विषय निघाला की ही म्हण कुणीतरी तोंडावर फेकतंच. सोसायटीच्या गेटवर, लॉजच्या काउंटरवर, सिमकार्डाच्या दुकानात. “तुम्ही काही गैर करत नाही ना? मग आधारची झेरॉक्स द्यायला काय जातंय?” ऐकून ऐकून कान किटले.

अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक डॅनियल सोलोव्ह यांनी २००७ मध्ये नेमक्या याच युक्तिवादावर प्रदीर्घ निबंध लिहिला. २०११ मध्ये ‘नथिंग टू हाइड’ हे पुस्तकही आलं. खासगीपण म्हणजे वाईट गोष्टी लपवणं, हे गृहीतच चुकीचं आहे, असं ते सांगतात. उदाहरण त्यांचंच घेऊ. कुणी कर्करोगावरचं पुस्तक विकत घेतलं. त्यात लपवण्यासारखं काय? पुढे केसांचा टोप घेतला. तोही कुणीही घेतं. पण ही दोन बिलं शेजारी ठेवली की या माणसाला कर्करोग आहे आणि केमोथेरपी चालू आहे, असा निष्कर्ष निघतो. त्यानं तर हे कुणालाच सांगितलेलं नाही! शिवाय दोन्ही वस्तू बहिणीसाठी घेतल्या असतील, तर निष्कर्ष साफ खोटा. तो कुठे नोंदला गेला, कुणी वापरला, दुरुस्त कुठे करून घ्यायचा, याचा त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून सोलोव्ह यांना सतत पाळत ठेवणाऱ्या राजवटीचं चित्र रंगवणाऱ्या ऑर्वेलच्या कादंबरीपेक्षा काफ्काची ‘द ट्रायल’ कादंबरी जवळची वाटते. तिच्या नायकाला अटक होते, पण गुन्हा कोणता हे शेवटपर्यंत कळत नाही. अशा व्यवस्थेत ‘कर’ नसलेल्यालाही ‘डर’ असतोच.

“आपल्या घटनेत खासगीपणाचा हक्कच नाही,” हेही ऐकू येतं. आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो एकमतानं मूलभूत ठरवला. हे श्रीमंतांचे चोचले असल्याचा युक्तिवादही तिथेच फेटाळला गेला. मग सरकारनं काही मागायचंच नाही का? मागावं की, पण त्यामागे कायदा हवा, हेतू वैध हवा आणि मागणी त्या हेतूच्या प्रमाणात हवी.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी झेरॉक्स मागितली, तर कशासाठी हवी आणि किती दिवस ठेवणार, हे जरूर विचारा. जमेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मोफत डाउनलोड करता येतं.