क्रीडा-मोटारगाडी : अश्वशक्ती व वजन

केवळ प्रवासाची सोय न पाहता वेग, वळणावरील पकड व चालविण्याचा आनंद यांसाठी अभिकल्पित केलेल्या मोटारगाडीस क्रीडा-मोटारगाडी म्हणतात. तिची योग्यता एंजिनाच्या अश्वशक्तीवरून सांगण्याचा प्रघात आहे. १९८० नंतरच्या चार दशकांत हा आकडा झपाट्याने वाढला. परंतु त्याबरोबर गाडीचे वजनही वाढत गेले. त्यामुळे वाढलेल्या शक्तीतून चालकाच्या पदरात नेमके काय पडते, हा अभिकल्पकांमधील वादाचा विषय झाला आहे. (या नोंदीतील अश्वशक्ती मेट्रिक आहे; १ मेट्रिक अश्वशक्ती = सु. ७३५.५ वॉट.)

बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या ‘एम ५’ या गाडीच्या पिढ्यांवरून ही वाटचाल स्पष्ट होते. १९८५ मधील पहिल्या ‘एम ५’ची शक्ती २८६ अश्वशक्ती व वजन सु. १,४३० किग्रॅ. होते. २०१७ च्या पिढीत हे आकडे ६०० अश्वशक्ती व सु. १,८५५ किग्रॅ. झाले. २०२४ च्या गाडीत आठ सिलिंडरांच्या एंजिनास विद्युत् चलित्राची जोड दिलेली असून एकूण शक्ती ७२७ अश्वशक्ती आहे. मात्र विद्युत् घटमालेसह वजन सु. २,४३५ किग्रॅ. भरते. म्हणजे दर टन वजनामागे मिळणारी शक्ती १९८५ मध्ये २००, २०१७ मध्ये सु. ३२३ आणि २०२४ मध्ये सु. २९९ अश्वशक्ती होती. शून्यापासून ताशी १०० किमी. वेग गाठण्यास २०१७ च्या गाडीला ३.४ सेकंद, तर १२७ अश्वशक्ती अधिक असलेल्या नव्या गाडीला ३.५ सेकंद लागतात.

शक्ती व वजन यांचे परिणाम सारखे नसतात. शक्तीचा उपयोग प्रामुख्याने वेग वाढविताना होतो. वजनाचा परिणाम मात्र वेग वाढविताना, कमी करताना आणि वळण घेताना अशा तिन्ही प्रसंगी जाणवतो. ताशी १०० किमी. वेगाने जाणाऱ्या १,००० किग्रॅ. वजनाच्या गाडीत सु. ३८६ किलोजूल गतिज ऊर्जा असते. गाडी २,००० किग्रॅ.ची असल्यास ती ७७२ किलोजूल होते. थांबताना ही ऊर्जा बहुतांशी ब्रेकच्या तबकड्यांत उष्णतारूपाने जिरवावी लागते. टायरचा गुणधर्मही येथे आड येतो. टायरवरील भार दुप्पट केला, तर त्याची पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. त्यामुळे तेच टायर असलेल्या दोन गाड्यांपैकी जड गाडी वळणावर लवकर घसरू लागते. हे टाळण्यासाठी टायर रुंद करावे लागतात, त्यांबरोबर चाके व ब्रेक जड होतात, जड चाकांना आवर घालण्यासाठी स्प्रिंगा व धक्काशोषक ताठर करावे लागतात, आणि वजनात पुन्हा भर पडते.

शक्तीच्या उपयोगालाही मर्यादा आहेत. टायर व रस्ता यांमधील घर्षण गुणांक १ धरला आणि चारही चाकांना शक्ती मिळते असे मानले, तर दर टनामागे २०० अश्वशक्ती असलेली गाडी ताशी सु. ५४ किमी. वेगापर्यंत टायरांची सर्व पकड वापरू शकते. या वेगाखाली अधिक शक्ती असून नसल्यासारखीच. दुसऱ्या टोकाला हवेचा रोध आहे. त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मक्लॅरेन कंपनीच्या ‘एफ १’ या ६२७ अश्वशक्तीच्या, सु. १,१४० किग्रॅ. वजनाच्या गाडीने १९९८ मध्ये ताशी ३८६ किमी. वेग नोंदविला. २००५ च्या बुगाटी ‘वेरॉन’ या १,००१ अश्वशक्तीच्या गाडीचा कमाल वेग सु. ४०७ किमी. होता, तिचे वजन मात्र सु. १,८९० किग्रॅ. होते व एंजिन थंड ठेवण्यासाठी व इतर कामांसाठी तिला एकूण दहा रेडिएटर बसवावे लागले.

वजनवाढीस केवळ शक्तीची हाव कारणीभूत आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अपघातात प्रवाशांचे रक्षण करणारी पोलादी चौकट, हवेच्या पिशव्या, वातानुकूलन, निष्कास वायू शुद्ध करणारी साधने यांचाही तीत वाटा आहे. यांपैकी पहिल्या दोहोंमुळे असंख्य प्राण वाचले आहेत.

हलकेपणाची परंपरा मुख्यतः ब्रिटिश आहे. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९६२ मध्ये ‘एलान’ या गाडीत पोलादी कण्यावर काचतंतूंची काया बसविली. गाडीचे वजन ७०० किग्रॅ.पेक्षा कमी राहिले. याच कंपनीच्या १९९६ च्या ‘एलीझ’मध्ये ॲल्युमिनियमचे भाग चिकटद्रव्याने जोडून सांगाडा तयार केला होता. १२० अश्वशक्तीच्या या गाडीचे वजन सु. ७२५ किग्रॅ. होते, आणि तिच्या स्टिअरिंगला यांत्रिक साहाय्याची गरजच नव्हती.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आकड्यांत सांगता येत नाही. वळणावर टायर किंचित पिळला जातो व चाकाला सरळ करू पाहणारे परिबल निर्माण होते. ते स्टिअरिंगमार्फत हाताला जाणवते. पकड संपण्याच्या थोडे आधीच हे परिबल घटू लागते आणि स्टिअरिंग हलके वाटते. कसलेल्या चालकास ही आगाऊ सूचना पुरते. जड गाडीतील साहाय्यक यंत्रणा हात सुखावते, पण ही सूचना बहुधा बोथट करते.

जपानमधील माझदा कंपनीने १९८९ मध्ये ‘एमएक्स-५’ ही दोन आसनी गाडी काढताना घोडा व स्वार एकजीव व्हावेत, या अर्थाची एक जुनी जपानी संज्ञा ध्येय म्हणून स्वीकारली. अश्वशक्तीच्या हिशोबात घोडा मोजला जातो, स्वार नाही. या गाडीच्या कर्त्यांनी दोघांचाही विचार केला. २०१५ मधील तिच्या चौथ्या पिढीचे वजनही सु. १,००० किग्रॅ.च आहे, आणि २०१६ मध्ये तिची दहा लाखावी गाडी तयार झाली. याउलट मक्लॅरेन ‘एफ १’चे अभिकल्पक गॉर्डन मरी यांनी २०२० मध्ये सादर केलेली ‘टी. ५०’ ही कार्बन तंतूंची गाडी १,००० किग्रॅ.हून हलकी व ६६३ अश्वशक्तीची असली, तरी केवळ शंभर ग्राहकांसाठी होती. हलकेपणा साधेपणातून स्वस्तात मिळतो, तसाच तो अतिशय महागही पडू शकतो.

विद्युत् गाड्यांमुळे हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. १ किग्रॅ. पेट्रोलमध्ये सु. १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते; तेवढ्याच वजनाच्या घटमालेत ती ०.२ किलोवॉट-तासाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. चलित्राची कार्यक्षमता अधिक असल्याने ही तूट काही अंशी भरून निघते, पण वजन उरतेच. घटमाला तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, हा लाभ खरा. निरूढी मात्र त्यामुळे कमी होत नाही. शक्ती मिळविणे येथे सोपे झाले आहे. क्रोएशियातील रिमॅक कंपनीच्या ‘नेव्हेरा’ गाडीची शक्ती १,९१४ अश्वशक्ती आहे व वजन दोन टनांहून अधिक आहे. २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने ‘आयॉनिक ५ एन’ ही ६५० अश्वशक्तीपर्यंतची विद्युत् गाडी आणली. तिच्यात गिअर बदलल्याचा हिसका व एंजिनाचा आवाज यांचा कृत्रिम आभास निर्माण करण्याची सोय आहे.