सिंधू जलकरार: पाणी आणि परराष्ट्रनीती

फाळणीच्या रेषेने पंजाबातील कालवे आणि त्यांची उगमस्थाने वेगळी केली. एप्रिल 1948 मध्ये भारतातील पूर्व पंजाबने पाणी रोखताच पाकिस्तानला आपली अडचण उमगली. जागतिक बँकेच्या मध्यस्थीने जवळपास नऊ वर्षे वाटाघाटी चालल्या आणि 19 सप्टेंबर 1960 रोजी कराचीत नेहरू व अयूब खान यांनी करारावर सह्या केल्या.

पाणी वाटण्याऐवजी नद्याच वाटल्या गेल्या, हे या कराराचे वेगळेपण. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब प्रामुख्याने पाकिस्तानकडे. पाकिस्तानकडे गेलेल्या या पश्चिमेकडील नद्यांवर करारानुसार भारताला मर्यादित सिंचन आणि वाहत्या पाण्यावरची वीजनिर्मिती करता येते. खरे वाद याच सवलतीतून उद्भवले. भारताच्या चिनाबवरील बगलिहार धरणाच्या दरवाजांची रचना, गाळ काढण्याची सोय अशा तांत्रिक मुद्द्यांमागे पाकिस्तानची धास्ती एकच होती: वरच्या अंगाचा देश प्रवाह हवा तेव्हा अडवील किंवा सोडील. 2007 मध्ये तटस्थ तज्ज्ञाने किरकोळ बदल सुचवून बगलिहारला मान्यता दिली.

1965, 1971 आणि कारगिलच्या युद्धांतही करार टिकला. पहलगाममधील दहशतवादी हल्ल्यानंतर, 23 एप्रिल 2025 रोजी भारताने तो स्थगित ठेवला. मात्र मोठे साठे आणि कालवे नसताना पश्चिमेकडील नद्यांचे पाणी लगेच वळवता येत नाही.