खुर्ची कोणाच्या मापाची?

मे महिन्याचा शेवट होता. काजवे पाहायला आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझी पत्नी, माझी आई आणि वीस महिन्यांची आमची मुलगी. धरणाच्या काठापासून थोड्या अंतरावर तंबूत मुक्काम केला. रात्री झाडंच्या झाडं लखलखताना पाहिली. मुलगी आजीच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवत होती. सगळं कसं छान पार पडलं होतं.

सकाळी निघायची घाई झाली. मी आईची घडीची खुर्ची मिटायला घेतली. मुलगी खुर्चीच्या मागे नळी धरून उभी होती, ते मला दिसलंच नाही. दोन नळ्या कात्रीच्या पात्यांसारख्या जवळ आल्या आणि तिचं बोट मध्ये सापडलं. तिची ती किंकाळी अजूनही कानात आहे. नशिबाने हाड वाचलं, नख मात्र काळंनिळं होऊन पुढे गळून पडलं. जवळच्या गावातल्या डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि सहज विचारलं, "खुर्ची कोणासाठी घेतली होती?" मी म्हटलं, "आईसाठी. तिचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही." ते म्हणाले, "बरोबर आहे. पण घरात लहान मूल असलं, की प्रत्येक खुर्ची त्याचीही असते."

या एका वाक्याने मला विचार करायला लावलं. सहलीला नेण्यासाठी खुर्ची घेताना आपण दुकानात काय करतो? बसून बघतो, पाठ टेकून बघतो, वजन उचलून बघतो आणि किंमत विचारतो. दीड-दोन वर्षांचं मूल यातलं काहीच करत नाही. ते खुर्चीत बसतं कमी आणि तिच्यावर चढतं जास्त. ते खुर्चीखालून रांगतं, हाताला धरून उभं राहतं, पाठीमागच्या कापडाला लोंबकळतं. म्हणून खुर्ची निवडताना त्याच्या या उद्योगांचा हिशेब आधी करायला हवा.

पहिला मुद्दा वजनाचा. खुर्चीच्या चिठ्ठीवर "100 किलो" किंवा "120 किलो" असा आकडा असतो. तो वाचून आपण निर्धास्त होतो. पण त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की कोणी मधोमध नीट बसलं तर तेवढ्या वजनाने खुर्ची मोडणार नाही. ती कलंडणार नाही, असं तो आकडा सांगत नाही. आमची खुर्ची होती तीन किलोची आणि मुलगी साडेदहा किलोची. म्हणजे रिकाम्या खुर्चीच्या कडेवर ती चढली, तर साडेतीन पट वजन एका बाजूला जाणार. खुर्ची उलटणार नाही तर काय होईल? खुर्ची जितकी हलकी तितकी ती उचलायला सोपी, आणि मुलाच्या हातून उलटायलाही सोपी.

त्यात लहान मुलाच्या शरीराची ठेवण वेगळी. मोठ्या माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाएवढं असतं. दोन वर्षांच्या मुलाचं ते जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढं असतं. म्हणजे त्याचा भार वरच्या बाजूला असतो. ते पुढे वाकलं किंवा मागे रेललं, की तोल चटकन जातो. त्यामुळे मुलाची खुर्ची बुटकी हवी आणि तिचे पाय खाली पसरलेले हवेत. चारही पायांची टोकं बैठकीच्या बाहेर आलेली असतील, तर ती सहसा कलंडत नाही.

बुटकी म्हणजे किती? मी घरी टेप घेऊन मुलीच्या गुडघ्यामागच्या वळणापासून टाचेपर्यंतचं अंतर मोजलं. ते 20 सेंटीमीटर भरलं, म्हणजे जेमतेम एक वीत. बैठक तेवढीच उंच असली, की मुलाचे तळवे जमिनीला टेकतात आणि त्याला स्वतःचं स्वतः बसता-उठता येतं. पाय लोंबकळत राहिले, की ते घसरत पुढे येतं, नाहीतर समोरच्या टेबलाला पाय लावून मागे रेटतं. मोठ्यांची खुर्ची 40-45 सेंटीमीटर उंच असते. तिच्यात मुलाला बसवणं म्हणजे आपल्याला कट्ट्यावर बसवण्यासारखंच.

दुसरा मुद्दा सांध्यांचा. घडीच्या खुर्चीत जिथे जिथे दोन नळ्या एकमेकींना छेदतात, तिथे कात्री असते. हा धोका घडी होणाऱ्या सगळ्याच वस्तूंना आहे. 2009 साली अमेरिकेत सुमारे दहा लाख घडीच्या बाबागाड्यांच्या बिजागऱ्या झाकण्यासाठी ग्राहकांना आवरणं द्यावी लागली होती. त्या बिजागऱ्यांमध्ये सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या 12 घटना तिथे नोंदल्या गेल्या होत्या. तेव्हा दुकानात खुर्ची उघडून उभी करा आणि गुडघे टेकून, मुलाच्या उंचीवरून तिच्याकडे बघा. सांधे कापडाने किंवा प्लास्टिकच्या टोपीने झाकलेले आहेत का? उघडल्यावर खटका बसतो का, की नुसत्या धक्क्याने ती मिटते? बोटाऐवजी पेन्सिल घालून बघा. पेन्सिल अडकत असेल, तर बोटही अडकेल.

नळ्या सुट्या करून पिशवीत भरायच्या हलक्या खुर्च्याही आता मिळतात. त्यांत कात्रीसारखे सांधे कमी असतात, पण वजन किलोभरच असतं, त्यामुळे त्या अधिक सहज उलटतात. शेवटी कुठलाही प्रकार घेतला तरी एक नियम पाळावाच लागतो. खुर्ची उघडताना आणि मिटताना मूल दुसऱ्या कोणाच्या तरी कडेवर असलं पाहिजे. "बाजूला हो" म्हणून ते बाजूला होत नाही.

टेबलाच्या कडेला अडकवायच्या मुलांच्या खुर्च्याही असतात. घरच्या जड, भक्कम टेबलाला त्या चालतात. सहलीच्या घडीच्या टेबलाला त्या कधीही लावू नयेत. मुलाच्या वजनाने टेबलच त्याच्या अंगावर येतं, आणि टेबलावर गरम चहा असतो.

तिसरा मुद्दा कापडाचा. चिठ्ठीवर "600 डी" असं लिहिलेलं असतं. हे डी म्हणजे डेनियर. 9000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. म्हणजे तेवढ्याच लांबीचा 600 डेनियरचा धागा 300 डेनियरपेक्षा दुप्पट जड. मोठ्यांच्या खुर्चीला 600 चांगलं. पण पॉलिस्टर असो की नायलॉन, विस्तवाजवळ ते वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. सुती कापड वितळत नाही, पण पेट घेतंच. म्हणून चूल किंवा शेकोटी आणि मुलाची बैठक यांत निदान दहा पावलांचं अंतर ठेवावं. उन्हात ठेवलेल्या खुर्चीच्या उघड्या नळ्या तापतात. मुलाला बसवण्याआधी आपला हात लावून बघावा.

मग मुलाला जमिनीवरच का बसवू नये? जरूर बसवावं. तिथून पडायची भीतीच नाही. पण नुसत्या गवतावर नको. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवताझुडपांत चिगर नावाच्या बारीक किड्यांच्या अळ्या असतात आणि त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होऊ शकतो. 2018 साली नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. सहलीनंतर ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आवर्जून सांगा. बसायला मोकळी, झाडलेली जागा निवडा. खाली ताडपत्री, तिच्यावर फोमची चटई आणि वर सतरंजी, अशी बैठक सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित.

विंचवाचंही लक्षात ठेवायला हवं. रात्री बाहेर राहिलेली चटई, बूट किंवा खुर्चीची पिशवी यांत तो शिरतो. सकाळी प्रत्येक वस्तू झटकल्याशिवाय मुलाच्या हाती देऊ नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. 2022 साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण औषध वेळेवर मिळालं तरच उपयोगी. लहान मुलाला दंश झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा किंवा 108 ला फोन करावा.

आता खुर्ची मांडायची कुठे? उतारावर नको. भुसभुशीत मातीत बारीक पाय रुततात आणि तेही चारही सारखे रुतत नाहीत. पायांखाली फळीचे तुकडे किंवा चीर देऊन बसवलेले टेनिसचे चेंडू ठेवले, तर भार पसरतो. खुर्चीच्या पाठीला जड पिशवी अडकवू नका. माणूस उठला, की ती मागे उलटते आणि मागे मूल असतं. पाण्याच्या काठी असाल, तर मोठ्यांच्या खुर्च्या पाण्याकडे आणि मुलाकडे तोंड करून असाव्यात. फार थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, तेही आवाज न करता. पट्ट्याच्या खुर्चीत मुलाला बांधून ठेवलं म्हणजे राखण झाली, असं समजू नका. पट्टा जेवणापुरता. राखण माणसानेच करायची, आणि ती कोणाची पाळी आहे हे ठरलेलं असावं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आईसाठी जड, रुंद पायांची, झाकलेल्या सांध्यांची खुर्ची होती. ती पाच किलोची होती आणि गाडीपासून तंबूपर्यंत वाहून नेताना मी कुरकुरलोही. मुलीसाठी वीतभर उंचीचा लाकडी चौरंग आणि सतरंजी. आम्ही दोघं सतरंजीवरच बसलो. मुलीने चौरंगावर बसून भाकरी खाल्ली, मग चौरंग उलटा करून त्यात खडे भरले आणि तो ढकलत अंगणभर फिरवला.

निघताना आई खुर्चीतून उठली. मी खुर्चीला हात लावण्याआधी ती म्हणाली, "थांब, आधी तिला माझ्याकडे दे." मुलगी आजीच्या कडेवर गेली आणि मग मी खुर्ची मिटली.